रेल्वेच्या खिडकीतून मागितलेली मतं : जपानची १९१५ची निवडणूक

सह्यकडा (धागाकर्ता)

गेले काही महिने जपानच्या तैशो काळावर वाचतो आहे. तैशो म्हणजे सम्राट योशिहितो यांची कारकीर्द, १९१२ ते १९२६. या वाचनात एका निवडणुकीपाशी मी थांबलो तो थांबलोच. २५ मार्च १९१५ ला झालेली कनिष्ठ सभागृहाची ही निवडणूक. आपल्याकडे जपान म्हटलं की १९०५ चा रशियावरचा विजय, मग एकदम पर्ल हार्बर आणि हिरोशिमा. मधल्या चाळीस वर्षांत तिथे संसद होती, पक्ष होते, निवडणुका होत होत्या, हे सहसा बोललं जात नाही. म्हणून हा धागा. (जपानी नावांत आडनाव आधी येतं. खाली तसंच ठेवलं आहे.)

आधी माणूस बघू. ओकुमा शिगेनोबू. जन्म १८३८ चा, म्हणजे या निवडणुकीच्या वेळी वय ७७. वासेदा विद्यापीठ ज्या शाळेतून वाढलं ती त्यांनी १८८२ मध्ये काढली. १८८९ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना परदेशांशी चाललेल्या करारांच्या वादातून एका तरुणाने त्यांच्या घोडागाडीवर बॉम्ब टाकला आणि त्यांचा उजवा पाय गेला. पुढची सगळी वर्षं लाकडी पायावर. मंत्रिपदं आली, गेली. १८९८ मध्ये काही महिने पंतप्रधानपदही मिळालं. नंतर ते राजकारणातून बाजूला झाले, पण लोकांच्या मनातून उतरले नाहीत. बोलणं मोकळं, घराचं दार उघडं, वर्तमानपत्रवाल्यांशी दोस्ती.

अशा माणसाला एप्रिल १९१४ मध्ये पुन्हा पंतप्रधान केलं ते जनतेने नव्हे, गेन्रोंनी. गेन्रो म्हणजे १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीतले वडीलधारे मुत्सद्दी. यामागाता आरितोमो, इनोउए काओरू वगैरे. राज्यघटनेत त्यांना कुठेच जागा नव्हती, पण पंतप्रधान कोण हे सम्राटाला सुचवायचे तेच. आधीचं यामामोतो मंत्रिमंडळ नौदलातल्या सीमेन्स (जर्मन कंपनी) लाचखोरीने बुडालं होतं. लोक संतापलेले होते. गेन्रोंना दोन गोष्टी हव्या होत्या : संसदेतल्या सगळ्यात मोठ्या सेइयुकाई पक्षाचं बहुमत मोडणं, आणि लष्कराच्या दोन नव्या डिव्हिजन (मोठ्या लष्करी तुकड्या) मंजूर करून घेणं. या डिव्हिजन कोरियात ठेवायच्या होत्या.

याच दोन डिव्हिजनांपायी १९१२ च्या अखेरीस एक मंत्रिमंडळ पडलं होतं. पैसे मिळत नाहीत म्हणून लष्करमंत्र्याने राजीनामा दिला, लष्कराने दुसरा माणूस दिला नाही, आणि पंतप्रधान सायोन्जींना जावं लागलं. त्यानंतर आलेल्या कात्सुरांच्या सरकारविरुद्ध खासदार ओझाकी युकिओ यांनी ५ फेब्रुवारी १९१३ ला सभागृहात जे भाषण केलं ते जपानी संसदेच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं भाषण असावं. सिंहासनाची तटबंदी करता आणि राजाज्ञांच्या गोळ्या झाडता, असा त्याचा रोख होता. संसदेला गर्दीने वेढा दिला. कात्सुरा गेले.

डिसेंबर १९१४ मध्ये ओकुमांनी त्याच डिव्हिजनांचा प्रस्ताव सभागृहात आणला. सभागृहाने तो फेटाळला आणि २५ डिसेंबरला सभागृह विसर्जित झालं. त्या वेळी न्यायमंत्री कोण होते? ओझाकी युकिओ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

मग सुरू झाला तो प्रचार. याआधी जपानी पंतप्रधान मतं मागत फिरत नसत. ते शोभत नाही असं मानलं जाई. ओकुमा आगगाडीत बसले. गाडी स्टेशनात जितकी मिनिटं थांबेल तितकी मिनिटं डब्यातूनच भाषण, शिटी झाली की पुढचं स्टेशन. फलाटावर माणसांची दाटी. लाकडी पायाचा ७७ वर्षांचा म्हातारा खिडकीतून हात हलवतो आहे आणि खाली शाळकरी मुलांपासून हमालांपर्यंत सगळे उभे आहेत. आणखी एक गोष्ट केली. ‘घटनात्मक राज्यकारभारात लोकमताचं सामर्थ्य’ अशा अर्थाचं एक भाषण त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीवर मुद्रित करून घेतलं आणि त्या तबकड्या मतदारसंघांत वाजवल्या गेल्या. ते मुद्रण आजही ऐकायला मिळतं. भाषा कळत नसली तरी ऐका. शब्दांवर दाब देत, सावकाश, वर्गात शिकवावं तसा आवाज आहे.

निकाल असा लागला. एकूण जागा ३८१. सरकारच्या बाजूचा दोशिकाई १५३, चूसेइकाई ३३, ओकुमांच्या चाहत्यांनी उभा केलेला गट १२. सेइयुकाई १०८. दुसरा विरोधी पक्ष कोकुमिन्तो २७. उरलेले ४८ अपक्ष. तीन वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, सेइयुकाईने दोनशेवर जागा घेतल्या होत्या. पक्षाचे नवे अध्यक्ष हारा ताकाशी यांची ही पहिलीच निवडणूक आणि पक्ष निम्म्यावर आला. नव्या सभागृहाने जूनमध्ये दोन्ही डिव्हिजन मंजूर केल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते. फलाटावरच्या त्या गर्दीत मतदार किती असतील? मतदानाचा हक्क होता २५ वर्षांवरच्या आणि वर्षाला १० येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांना. पाच कोटींवर लोकसंख्येच्या देशात मतदार सुमारे १५ लाख. शंभरातले तीन. ओकुमा ज्यांच्याशी बोलत होते त्यातल्या बहुतेकांकडे मत नव्हतंच. तरी ते आले, आणि ते आले म्हणून मत असलेल्यांवर वजन पडलं. जपानमधली ही पहिली खऱ्या अर्थाने लोकांची निवडणूक होती असं मला वाटतं, आणि तिचं फळ लष्कराच्या पदरात पडलं. यावर तुमचं मत वाचायला आवडेल.

---

पिंपळपान

फार सुंदर लिहिलं आहे. या निवडणुकीबद्दल काहीच माहीत नव्हतं.

एक शंका. सम्राट सर्वोच्च, सैन्य थेट सम्राटाच्या हाताखाली, पंतप्रधान गेन्रो ठरवणार. मग दोन डिव्हिजनांसाठी निवडणुकीचा एवढा खटाटोप कशाला? सरळ हुकूम काढायचा.

---

सह्यकडा

पिंपळपान, मलाही आधी हेच वाटलं होतं. उत्तर मेइजी राज्यघटनेच्या ७१व्या कलमात आहे. संसदेने अर्थसंकल्प मंजूर केला नाही तर सरकारने मागच्या वर्षीचा अर्थसंकल्प चालवायचा. १८८९ मध्ये घटना लिहिणाऱ्यांना वाटलं, सरकारची सोय झाली, संसद अडवू शकणार नाही. झालं उलटं. जुना खर्च चालू राहतो, पण नवा पैसा मिळत नाही. नवी डिव्हिजन, नवी युद्धनौका, नवा कर, सगळ्याला सभागृहाचा होकार लागतो. एवढ्या एका किल्लीवर जपानी पक्षांनी पंचवीस वर्षांत आपली ताकद उभी केली. यामागातांना पक्ष या गोष्टीचाच तिटकारा होता, पण त्यांनाही सभागृहात बहुमत शोधावं लागलं ते यामुळे.

---

देवगिरी

लेख चांगला आहे, पण सेइयुकाईबद्दल तुम्ही हात राखून लिहिलं आहे. वाचणाऱ्याला वाटेल की एका बाजूला लष्कर आणि दुसऱ्या बाजूला लोकशाहीचा रखवालदार पक्ष. तसं नव्हतं.

सेइयुकाई स्थापन केला १९०० मध्ये इतो हिरोबुमी यांनी, म्हणजे गेन्रोंपैकीच एकाने. तो वाढला तो सत्तेच्या जवळ राहून. हारा गृहमंत्री असताना जिल्हाधिकाऱ्यांच्या नेमणुका हाताशी धरून त्यांनी गावोगावी पक्ष रुजवला. रस्ता, बंदर, शाळा, आणि सगळ्यात मोठं आमिष म्हणजे रेल्वे. जपानीत एक जुनी म्हण आहे, आपल्याच शेतात पाणी वळवणे. आपण आपल्या पोळीवर तूप ओढणे म्हणतो तसं. त्यातलं पाणी काढून लोकांनी लोखंड घातलं : आपल्याच शेतात रूळ वळवणे! सेइयुकाईच्या राजकारणाला हे नाव चिकटलं. मतं त्यांच्या मागे येत ती तत्त्वासाठी नव्हे, स्टेशनासाठी.

शिवाय मतदार बघा. १० येन कर भरणारे म्हणजे खेड्यात मुख्यतः जमीनदार. त्यांना लष्करापेक्षा जमीन महसुलाची काळजी. डिव्हिजन नको म्हणण्यामागे शांतताप्रेम कमी आणि कर वाढेल ही धास्ती जास्त. शहरातले व्यापारीसुद्धा याच कारणाने विरोधात होते. मग युरोपात युद्ध पेटलं, नोव्हेंबर १९१४ मध्ये जपानने जर्मनांकडून चीनमधलं चिंगताव घेतलं, वारं फिरलं. जानेवारी १९१५ मध्ये चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या गेल्या आणि मे महिन्यात निर्वाणीचा खलिता गेला. निवडणूक नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे. ओकुमांच्या मोहक आवाजाला सगळं श्रेय देऊ नका.

---

गवतीचहा

मी आठ वर्षं टोकियोत राहते. वासेदाच्या आवारात ओकुमांचा गाऊन-टोपीतला पुतळा आहे, त्याच्यासमोरून कितीदा गेले असेन. हा माणूस रेल्वेच्या खिडकीतून मतं मागायचा हे आज कळलं. सह्यकडा, मनापासून आभार.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. जपानमध्ये मतदार मतपत्रिकेवर शिक्का मारत नाही की खूण करत नाही. उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. आजही. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत तर मतदाराने आपलंही नाव-पत्ता लिहून मोहोर उठवायची असे, गुप्तता नावालाही नव्हती. गुप्त मतदान १९०० च्या कायद्याने आलं आणि १९०२ पासून चालू झालं. पण हाताने नाव लिहिणं राहिलं ते राहिलंच. म्हणून इथे निवडणूक आली की गाड्या दिवसभर फक्त नाव ओरडत फिरतात आणि उमेदवार फलकावर आपलं नाव सोप्या हिरागाना लिपीत लिहितात. माणसाच्या बोटांना ते नाव वळलं पाहिजे.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला माझी आजी आठवली. ती अंगठेबहाद्दर होती. आमच्याकडे चिन्ह होतं म्हणून ती आयुष्यभर मत देऊ शकली. कोणतं चिन्ह हे तिने कधी सांगितलं नाही, आजोबांनाही नाही. जपानमध्ये जन्मली असती तर तिला मतदानकेंद्रावर कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागलं असतं.

आणि त्या काळी उमेदवारी अर्ज भरण्याचीसुद्धा पद्धत नव्हती. पात्र असलेल्या कुणाचंही नाव लिहा. अर्ज आणि २००० येन अनामत हे १९२५ च्या कायद्याने आलं. घरोघर जाऊन मतं मागायला बंदी आली तीही तेव्हाच, आणि ती अजून उठलेली नाही.

---

देवगिरी

गवतीचहा, मोलाची भर घातलीत. याला जोडून : एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडायचे, पण मतदाराने नाव एकच लिहायचं. बहुतेक ठिकाणी अख्खा जिल्हा हाच एक मतदारसंघ, मोठी शहरं तेवढी वेगळी. म्हणजे एकाच पक्षाचे चार उमेदवार असले तर ते एकमेकांची मतं खाणार. पक्षाला हिशेब करून गावं वाटून द्यावी लागत. या गणितात स्थानिक पुढारी मोठे झाले आणि पैसाही मुरला.

---

उत्तररात्र

पैशाचा विषय निघालाच आहे तर ओउरा प्रकरणाशिवाय हा धागा अपुरा राहील.

ओउरा कानेताके हे पोलिस खात्यातून वर आलेले, टोकियोचे माजी पोलिसप्रमुख. डिसेंबर १९१४ मध्ये ते शेती आणि व्यापार खात्याचे मंत्री होते. डिव्हिजनांचा प्रस्ताव वाचवायला त्यांनी सेइयुकाईचे सदस्य फोडण्यासाठी पैसे वाटले, आणि ते वाटले कनिष्ठ सभागृहाच्या मुख्य सचिवामार्फत. ज्याने सभागृहाची घडी राखायची तोच मध्यस्थ. तरी प्रस्ताव पडला. शिक्षा काय झाली? जानेवारीत ओउरांना गृहमंत्री केलं गेलं. म्हणजे जिल्ह्यांचे गव्हर्नर, पोलिस आणि निवडणुकीची सगळी यंत्रणा त्यांच्या हाती. पुढे शिकोकू बेटावरच्या मारुगामे मतदारसंघात विरोधी उमेदवाराने माघार घ्यावी म्हणून पैसे दिल्याचंही बाहेर आलं.

सह्यकडांनी फलाटावरची गर्दी फार छान उभी केली आहे, पण त्याच वेळी दुसऱ्या दाराने पोलिस आणि पाकिटं फिरत होती. मला हे दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय ही निवडणूक समजत नाही. जुलै १९१५ मध्ये ओउरांनी राजीनामा दिला, सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले, आणि तेवढ्यावर त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. लाच घेणारे आणि पोचवणारे कोर्टात उभे राहिले, देणारा घरी गेला. हे वाचून आजही राग येतो.

---

पिंपळपान

आणि त्या वेळी न्यायमंत्री ओझाकीच होते ना? मग सिंहासनाच्या तटबंदीवर बोलणारा हाच का तो? मला तर हा माणूस सरळ सरळ फिरलेला वाटतो.

---

सह्यकडा

उत्तररात्र, तुमचं पटलं. मूळ लेखात ओउरांना जागा द्यायला हवी होती, ती चूक माझी.

ओझाकींबद्दल पिंपळपान म्हणतात ते मलाही डाचतं. सेइयुकाई गृहमंत्रिपद भोगून गब्बर झाली आहे, तिला एकदा मोडल्याशिवाय संसद मोकळी होणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. पण त्यासाठी मोजलेली किंमत तीच होती जी न देण्यासाठी दोन वर्षांपूर्वी ते गरजले होते.

---

देवगिरी

थोडं थांबा. ओझाकी १८९० च्या पहिल्या निवडणुकीपासून सलग पंचवीस वेळा निवडून आले, साठहून अधिक वर्षं सभागृहात होते. तीसच्या दशकात लष्कराविरुद्ध बोलायला भले भले कचरत होते तेव्हा हे म्हातारे बोलत होते, आणि १९४२ मध्ये एका प्रचारसभेतल्या भाषणावरून त्यांच्यावर राजद्रोहासारखा, सम्राटाच्या अवमानाचा खटला झाला. वयाच्या ८३व्या वर्षी. १९१५ चं माप घेऊन अख्खा माणूस मोजू नये. आणि ओउरांची चौकशी झाली ती ओझाकींचं खातं असतानाच झाली, हेही विसरू नका.

---

सोनकी

एवढी चर्चा झाली आणि बायका कुठे आहेत?

मत नव्हतं हे तर आहेच. पण १९०० च्या पोलिस कायद्याच्या ५व्या कलमाने जपानी स्त्रियांना राजकीय सभेला जायचीही मनाई होती. पक्षात जाणं तर दूरच. सभा ऐकणंसुद्धा गुन्हा. फलाट मात्र सभागृह नव्हे. ओकुमांची गाडी थांबली तेव्हा तिथे पाठीवर मूल बांधून उभी असलेली बाई कायदा न मोडता पंतप्रधानांचं भाषण ऐकू शकत होती, हे मला हा लेख वाचताना एकदम जाणवलं.

१९१५ मध्येच कवी योसानो तेक्कान क्योतोतून उभे राहिले. शंभर मतंही मिळाली नाहीत. त्यांची पत्नी योसानो अकिको ही त्यांच्यापेक्षा मोठी कवयित्री, तिला मत नव्हतं.

आता आपल्याकडचा धागा. टोकियोतलं महिला विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी काढलं. त्याच्या स्थापना समितीचे अध्यक्ष होते हेच ओकुमा शिगेनोबू. त्या संस्थेची माहिती देणारी पुस्तिका आपल्या धोंडो केशव कर्व्यांच्या हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून अण्णांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली ती त्यावरून, आणि १९१६ मध्ये हिंगण्याला ते सुरूही केलं. माझी आई एसएनडीटीतून शिकली. मी या निवडणुकीच्या धाग्यात काय शोधायला आले होते आणि काय हाती लागलं!

टोकियोच्या त्या विद्यापीठातून बाहेर पडलेली हिरात्सुका राइचो पुढे इचिकावा फुसाए यांच्याबरोबर त्या ५व्या कलमाविरुद्ध लढली. १९२२ मध्ये सभेला जायची परवानगी मिळाली. मत मिळायला १९४५ उजाडलं. मुंबई इलाख्यात मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना ते १९२१ मध्येच मिळालं होतं.

---

कोयनाकाठ

सोनकीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अण्णा कर्वे आणि ओकुमा ही गाठ माहीत नव्हती.

याच ओकुमा सरकारशी आपला दुसराही संबंध आहे, आणि तो कडू आहे. रासबिहारी बोस जून १९१५ मध्ये जपानला पोचले. ब्रिटनशी मैत्रीचा करार असल्यामुळे वर्षअखेरीस याच सरकारने त्यांना देश सोडायचा हुकूम दिला. त्यांना लपवलं ते तोयामा मित्सुरू यांनी आणि शिंजुकूतल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने. तोयामा हे गेन्योशा या कडव्या राष्ट्रवादी संघटनेचे म्होरके, आणि १८८९ मध्ये ओकुमांवर बॉम्ब टाकणारा तरुण त्याच गोटातला. लोकमताचं सामर्थ्य सांगणारे पंतप्रधान आपल्या क्रांतिकारकाला हाकलत होते आणि त्यांचा पाय घेणारी मंडळी त्याला आसरा देत होती. इतिहासात कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे ठरवणं किती कठीण आहे!

---

उत्तररात्र

सह्यकडा, पुढे काय झालं तेवढं सांगून टाका. ओकुमा किती टिकले? आणि फलाटावरच्या त्या लोकांना मत कधी मिळालं?

---

सह्यकडा

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ओकुमा ऑक्टोबर १९१६ मध्ये पायउतार झाले. एप्रिल १९१७ च्या निवडणुकीत सेइयुकाई पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. १९१८ मध्ये तांदळाच्या भाववाढीवरून देशभर दंगली झाल्या आणि हारा पंतप्रधान झाले. त्यांनी कराची अट ३ येनवर आणली, पण सरसकट मताधिकाराची मागणी आली तेव्हा सभागृहच विसर्जित केलं आणि मे १९२०च्या निवडणुकीत ४६४ पैकी २७८ जागा जिंकल्या. पुढच्या वर्षी टोकियो स्टेशनवर त्यांचा खून झाला.

कराची अट पूर्ण काढली ती १९२५ मध्ये, कातो ताकाआकी यांच्या सरकारने. १९१५ मध्ये जिंकलेल्या दोशिकाईचे अध्यक्ष आणि ओकुमांचे परराष्ट्रमंत्री हेच कातो. एकवीस मागण्याही त्यांच्याच. त्याच अधिवेशनात विचारांवर पहारा ठेवणारा शांतता संरक्षण कायदाही मंजूर झाला. २५ वर्षांवरच्या पुरुषांनी कर न बघता पहिल्यांदा संसदेसाठी मत दिलं ते २० फेब्रुवारी १९२८ ला. मतदार ३० लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेले.

ते बघायला ओकुमा नव्हते. १० जानेवारी १९२२ ला ते वारले. सरकारी इतमाम मिळाला नाही, म्हणून टोकियोतल्या हिबिया उद्यानात ‘जनतेचा’ म्हणून अंत्यविधी ठेवला गेला. कुणीही यावं असा. लाखो लोक आले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. तीनच आठवड्यांनी यामागाता आरितोमो गेले. त्यांचा अंत्यविधी सरकारी, त्याच हिबिया उद्यानात. मांडवात खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यातल्या बहुतेक रिकाम्या राहिल्या.

---

गवतीचहा

रविवारी हिबियाला जाऊन येते. फोटो काढले तर इथेच टाकेन.